तुळयांमधून जाणारे पाणी

शिडीवर चढलेला प्लंबर बराच वेळ काही बोलत नव्हता. तो आला होता नळ्या पाहायला, पण त्याच्या विजेरीचा झोत नळ्यांवरून सरकून एका तुळईच्या खालच्या कडेवर थांबला होता. तिथे कोणीतरी करवतीने दोन काप घेऊन मधला तुकडा छिन्नीने उडवलेला होता. चार बोटे सहज बसतील एवढी रुंद आणि दोन इंच खोल अशी ती खाच होती, आणि तिच्या एका कोपऱ्यातून लाकडाच्या रेषांबरोबर निघालेली बारीक चीर हातभर लांब गेली होती. त्याने चिरेवरून अंगठा फिरवला आणि मला विचारले, "इथून जाणारी नळी कुठे आहे?" नळी नव्हती. खाच रिकामीच होती. या घराच्या कुठल्या तरी आधीच्या मालकाने, कुठल्या तरी सिंकसाठी किंवा वॉशिंग मशीनसाठी तिथून नळी नेली असावी, आणि पुढे केव्हातरी ती काढूनही टाकली असावी. नळी गेली तरी लाकूड मात्र कापलेलेच राहिले होते.

त्याच तुळईवर आमची जेवणाची खोली आहे. मुलगा धावत तिथून गेला की कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. लाकडी घरांची ती सवयच असावी असे समजून आम्ही वर्षानुवर्षे तो आवाज ऐकत आलो होतो. त्या रात्री जेवताना मात्र माझे लक्ष वारंवार पायाखाली जात होते.

डेट्रॉइटच्या उपनगरातले आमचे घर १९७४ सालचे आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि गोठलेली माती पाया वर उचलते, म्हणून इथे पाया निदान ४२ इंच खाली नेण्याचा नियम आहे. एवढे खणायचेच असेल तर आणखी काही फूट खणून घराखाली पूर्ण तळघरच करून घ्यावे, हा विचार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. बहुतेक घरांत ते तळघर काँक्रीटच्या उघड्या भिंतींचे, घर तापवणारी फर्नेस आणि गरम पाण्याची टाकी सांभाळणारे, नुसते असते. ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी ते पुढे 'फिनिश' करून घेतलेले आहे, आणि गणपतीची आरती, नाटकाची तालीम, भारतातून आलेल्या पाहुण्यांचा मुक्काम हे सगळे तिथेच होते. आम्हालाही तिथे एक नीट खोली हवी होती. अडचण होती ती उंचीची. फरशीपासून तुळयांच्या खालच्या कडेपर्यंत सात फूट पाच इंच. नवी जमीन त्यातला इंचभर घेणार. पाण्याच्या तांब्याच्या नळ्या तुळयांच्या खाली पट्ट्यांनी टांगलेल्या होत्या, आणि त्यांच्याही खाली चौकट ठोकून छत केले असते तर चार इंच आणखी गेले असते. खोली राहण्याजोगी म्हणायची तर छत सात फुटांखाली येऊ नये, असे इथल्या बांधकाम-संहितेचे सर्वसाधारण माप आहे. आम्ही त्या मापाच्या अगदी काठावर येत होतो, आणि माझ्या नवऱ्याचा हात सहज वर केला तरी छताला लागला असता. म्हणून नळ्या वर, तुळयांच्या आतून न्यायच्या, असे ठरले.

ऐकायला हे काम सोपे वाटते.

नळ्या मुळात खाली का टांगल्या होत्या, याचा मी तोपर्यंत कधी विचार केला नव्हता. आमच्या तुळया, ज्यांना इथे जॉइस्ट म्हणतात, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर आहेत. प्रत्येक तुळई दीड इंच जाड, म्हणजे दोन तुळयांमधली मोकळी जागा उरते साडेचौदा इंच. तांब्याची ताठ नळी येते दहा-दहा फुटांची. ती तुळयांना आडव्या दिशेने भोकांमधून ओवायची तर ती आत शिरवायलाच वाट नाही. तिचे हातभर तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक कप्प्यात सांधा द्यावा लागतो. तुळयांखाली टांगली तर तीच नळी एका ओळीत, मोजक्या सांध्यांनी जाते. त्या काळी तळघरात कोणी राहणार नव्हते, तेव्हा नळी दिसली म्हणून बिघडत नव्हते, उलट गळती झाली तर मान वर करताच सापडत होती. आमच्या तळघरातले ते काम ज्याने केले होते तो चांगला कारागीर असला पाहिजे. नळ्या सुतात होत्या, पट्ट्या सारख्या अंतरावर होत्या, आणि सांध्यांभोवती डागाचा, म्हणजे नळ्या सांधायला वितळवलेल्या धातूचा, एकही ओघळ नव्हता. ते सगळे उतरवायचे ठरवताना मला बरे वाटले नाही.

त्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाणी आणि बांधकाम या दोन्ही गोष्टी दिसल्या की ते त्यांच्यापासून लांब राहू शकत नाहीत. सकाळचा चहा झाला की ते तळघरात खुर्ची टाकून बसत आणि वर पाहत. त्यांचे मूळ घर सांगलीजवळचा जुना वाडा. सागवानी कड्या, त्यांवर पाट, पाटांवर माती. त्या वाड्यात नळ आला तेव्हा गॅल्व्हनाइज्डची नळी अंगणातून बाहेरच्या भिंतीवरून चढवून मोरीपर्यंत नेली होती. लाकडाच्या जवळ पाणी आणायचे नाही, ओल आली की मागोमाग वाळवी येते, हा आजोबांचा दंडक होता. "आपल्याकडे नळी घराच्या बाहेर असते. इथे ती घराच्या पोटात," बाबा म्हणाले. ते खरेच आहे. मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या मागच्या भिंती नळ्यांनी भरलेल्या असतात आणि कुठली कोणाची हे वॉचमनलाही पाठ असते. इथे बाहेरच्या भिंतीतूनसुद्धा नळी नेताना लोक दहादा विचार करतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि नळी फाटते. म्हणून तुळयांच्या टोकांशी, पायाच्या भिंतीला लागून असलेली थंड पट्टी टाळून पाण्याला घराच्या मधल्या, उबदार भागातूनच फिरवावे लागते. इथे लाकूड आणि पाणी यांना एकमेकांशेजारी राहण्यावाचून गत्यंतर नाही.

खाच पाहिल्यापासून माझ्या मनात भीती बसली होती. एका खाचेने तुळईला चीर गेली असेल, तर आम्ही ओळीने इतक्या तुळयांना भोके पाडायला निघालो आहोत त्याचे काय? मी ते बाबांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "अगं, खाच वेगळी आणि भोक वेगळं. मुलाचं खोडरबर आण." त्या खोडरबराच्या कडेवर त्यांनी पेनने उभ्या रेघा मारल्या आणि दोन्ही टोके धरून ते वाकवले. वरच्या बाजूला रेघा एकमेकींजवळ आल्या, खालच्या बाजूला फाकल्या, आणि मधोमध त्यांच्यातले अंतर होते तसेच राहिले. "वर दाब, खाली ताण. मधे एक पातळी अशी असते की तिथे दाबही नाही आणि ताणही नाही. भोक पाडायचं तर तिथे पाडायचं. त्या माणसाने खाच मारली ती नेमकी जिथे ताण सगळ्यांत जास्त तिथे, आणि तीही तुळईच्या लांबीच्या मध्यावर."

मग त्यांनी हिशेब मांडला, आणि तो हिशेब मला अजून पाठ आहे. आमच्या तुळया दुकानात दोन बाय दहाच्या म्हणून मिळतात, पण रंधून झाल्यावर त्यांची खरी उंची सव्वानऊ इंच असते. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. खालून दोन इंच कापले की त्या जागी सव्वासात इंच उरतात, म्हणजे तिथे ती दोन बाय आठचीच तुळई झाली, आणि ताकद राहिली साधारण ६१ टक्के. खाचेच्या काटकोनी कोपऱ्यात ताण साचतो आणि तिथून लाकूड उसवायला लागते, ते आणखी वेगळे. आता एकच इंच घेऊ. तो खालच्या कडेतून काढला तर ताकदीचा पाचवा हिस्सा जातो. तेवढ्याच इंचाचे गोल भोक बरोबर मध्यावर पाडले तर हजारात जेमतेम सव्वा भाग जातो. लाकूड तेच, तेवढेच गेले, फक्त जागा वेगळी. बाबांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांनी आयुष्यभर धरणाच्या कालव्यांवर आणि छोट्या पुलांवर काम केले होते. घराच्या एका तुळईवरही ते त्याच गांभीर्याने बोलत होते, आणि मला ते फार आवडले.

इथल्या संहितेतही हेच शहाणपण मापांच्या भाषेत लिहिलेले आहे. अखंड लाकडाच्या तुळईत भोकाचा व्यास तिच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको, आणि वरच्या किंवा खालच्या कडेपासून, तसेच शेजारच्या भोकापासून किंवा खाचेपासून, निदान दोन इंच लाकूड सुटले पाहिजे. खाच घ्यायचीच झाली तर उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, आणि तुळईच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात ती मुळीच नको. आमच्या तुळयांना या नियमाने तीन इंचांपर्यंतचे भोक चालले असते. आम्हाला हवे होते इंचभराहून थोडे मोठे. अलीकडच्या घरांत इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या, जुळवलेल्या तुळया असतात. त्यांच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला हातही लावायचा नसतो आणि भोक कुठे, केवढे, हे त्या बनवणाऱ्याच्या तक्त्यावरूनच ठरवायचे असते. ज्यांच्या घरात तशा तुळया असतील त्यांनी वरची मापे वापरू नयेत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

प्लंबरने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली, ती मला त्याच्या साऱ्या कौशल्यापेक्षा मोलाची वाटते. मधल्या पोलादी बीमला लागून गरम हवेचा पत्र्याचा मोठा डक्ट जातो. त्याला लाकडी पेटीत झाकावेच लागणार होते. "जेवढ्या नळ्या त्या पेटीत मावतील तेवढ्या तिथेच जाऊ देत. भोके फक्त उरलेल्यांसाठी पाडू," तो म्हणाला. भोकाच्या संख्येवर त्याला पैसे मिळाले असते तरी तो हेच म्हणाला असता, अशी माझी खात्री आहे. त्याच्या या एका वाक्याने निम्म्याहून जास्त तुळया शाबूत राहिल्या. स्वयंपाकघराकडे आणि मागच्या न्हाणीघराकडे जाणाऱ्या गरम-थंड पाण्याच्या ओळी तेवढ्या तुळयांमधून न्यायच्या राहिल्या.

त्याने निळ्या खडूची दोरी ताणून सगळ्या तुळयांच्या मध्यावर एक रेषा उमटवली. साडेचौदा इंचांच्या कप्प्यात साधे ड्रिल आडवे मावत नाही, म्हणून काटकोनात वळलेल्या तोंडाचे, जड ड्रिल वापरतात. ते लाकडात अडकले तर मनगट पिरगाळते, त्यामुळे तो प्रत्येक वेळी पाय रोवून, कोपर अंगाशी घट्ट धरूनच कळ दाबत असे. पहिल्या तुळईतून लाकडाच्या जाड, गुंडाळलेल्या चकत्या खाली पडल्या आणि तळघरभर राळेचा वास सुटला. बाहेरून करडी, धुरकट दिसणारी ती तुळई आतून फिकट तांबूस आणि ताजी होती. पन्नास वर्षे बंद असलेला तो वास इतका जिवंत असेल असे मला वाटले नव्हते. बाबांनी खालची एक चकती उचलून नाकाशी धरली आणि वाड्याच्या दुरुस्तीला येणाऱ्या सुताराची आठवण काढली. तो सुतार कडी बदलताना जुन्या कडीचा तुकडा मालकाच्या हातात देत असे, आतून लाकूड कसे आहे ते मालकाने स्वतः पाहावे म्हणून.

नव्या नळ्या पेक्सच्या आहेत, म्हणजे रेणूंची साखळी आडवी सांधून मजबूत केलेल्या पॉलिथीनच्या. गरमसाठी लाल, थंडसाठी निळ्या. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवावी तशी ती नळी एका टोकाने ढकलत आणि दुसऱ्या टोकाने ओढत भोकांतून पुढे सरकत गेली, मध्ये एकही सांधा न देता. छताआड लपणाऱ्या जागेत सांधा नसणे हीच मुळी मोठी गोष्ट आहे. मात्र तिला ताणून बसवायचे नसते. शंभर फूट पेक्स दर दहा फॅरनहाइट अंशांना सुमारे इंचभर वाढते, तांब्याच्या जवळजवळ दहापट. वीस फुटांच्या गरम नळीत साठ अंशांचा फरक पडला की तिची लांबी सव्वा इंचाच्या आसपास वाढते. म्हणून प्लंबरने भोके नळीपेक्षा थोडी मोठी घेतली आणि कप्प्याकप्प्यात तिला किंचित झोळ ठेवला. गरम पाण्याच्या टाकीजवळचे दीड फूट त्याने तांबेच ठेवले, कारण टाकीच्या तोंडाशी प्लॅस्टिक जोडू नये असा नियम आहे. जोडावरची तांब्याची कडी पक्कडीने आवळली की दरवेळी तो एक छोटे पोलादी माप तिच्यावर सरकवून पाहत असे, आणि ते माप जिथे अडायला हवे तिथे अडले तरच पुढे जात असे. हा क्रम त्याने शेवटच्या जोडापर्यंत सोडला नाही.

जुन्या नळ्या कापून खाली आल्या तेव्हा मी एक तुकडा हातात घेतला. बाहेरून काळपट तपकिरी, कापलेल्या कडेला मात्र झळाळणारे तांबडे. वजनाने अपेक्षेपेक्षा जड. ज्या सांध्यांच्या सफाईचे मला कौतुक वाटले होते ते सांधे कथील आणि शिशाच्या डागाचे असण्याचीच शक्यता जास्त होती, कारण पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना शिशाचा डाग द्यायला या देशात १९८६ च्या कायद्याने बंदी आली, आणि घर त्याच्या बारा वर्षे आधीचे. आमच्यापासून तासाभरावर फ्लिंट आहे. तिथे २०१४ साली शहराचे पाणी बदलले, नळ्यांची झीज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही, आणि नळ्यांतले शिसे घराघरांतल्या पाण्यात उतरले. तेव्हापासून या राज्यात कोणीही जुनी नळी हातात घेतली की तो तिच्या आत डोकावून पाहतो. मीही पाहिले. कारागिराचे हात स्वच्छ होते आणि त्याच्या काळाने त्याच्या हातात दिलेला धातू तसा नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यात होत्या.

नळ्या हलल्यावरच खाचेची तुळई दुरुस्त करता आली. तिला शेजारी पूर्ण लांबीची नवी तुळई जोडायची होती, आणि टांगलेल्या नळ्या असेपर्यंत एवढे लांब लाकूड तिरके करून वर चढवायला जागाच नव्हती. आधी खालून जॅक लावून झुकलेली तुळई केसाकेसाने वर घेतली. मग दोन्ही लाकडांमध्ये गोंद, आणि आरपार बोल्ट. जॅकचा दांडा फिरत होता तेव्हा वरच्या खोलीत कपाटातले पेले एकदा हलके वाजले. सासरे वर पाहत राहिले आणि मी श्वास धरून उभी होते. त्यानंतर मुलगा कितीही धावला तरी ते वाजलेले नाहीत. त्या शांततेची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. पहाटे गरम पाणी सुरू झाले की तांब्याची नळी लाकडाला घासून टिकटिकत असे, तो आवाजही आता नाही, आणि त्याची मात्र मला कधीकधी आठवण येते. घरात कोणीतरी उठले आहे हे त्या टिकटिकीवरून कळत असे.

एक नळी वर जाऊ शकली नाही. वरच्या न्हाणीघराचे सांडपाणी वाहून नेणारी ती दोन इंची नळी. पिण्याचे पाणी दाबाखाली असते, त्याला चढ-उतार चालतो. सांडपाणी केवळ उतारावर वाहते, आणि त्या नळीला फुटामागे पाव इंच उतार द्यावाच लागतो. सोळा फुटांच्या अंतरात ती चार इंच खाली येते. ती तुळयांमधून नेली असती तर एका टोकाला भोक वरच्या कडेच्या जवळ आणि दुसऱ्या टोकाला खालच्या कडेच्या जवळ आले असते, आणि दोन इंच लाकूड सोडण्याचा नियम दोन्हीकडे मोडला असता. माझ्या नवऱ्याला सपाट छत हवे होते, त्याने बराच वेळ वाद घातला. बाबांनी त्याला एवढेच सांगितले, "पाणी तुझं ऐकणार नाही रे, उताराचं ऐकेल." शेवटी तिच्याभोवती आणखी एक पेटी आली आणि खोलीच्या एका बाजूला छत सहा-सात इंच खाली उतरले. मला ती पेटी खुपत नाही. तिच्याकडे पाहिले की वर काय आहे ते कळते.

बाकीचे सगळे झाकायचे होते, आणि जिप्समचे बोर्ड चढवण्याचा दिवस जवळ आला तसतशी माझी चलबिचल वाढत गेली. इथे नळ्या उघड्या असतानाच नगरपालिकेचा निरीक्षक येऊन पाहतो आणि त्याची सही झाल्याशिवाय छत बंद करता येत नाही. तो आला, दाबमापकाचा काटा पाहिला, दोन-तीन भोकांना टेप लावून पाहिली, जोडलेल्या तुळईचे बोल्ट मोजले आणि सही करून गेला. तरीही मला वाटत राहिले की आधीच्या कारागिराने जे सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले होते ते आम्ही आत घालत आहोत. उद्या छतावर ओल उमटली तर ती कुठून आली हे कोणाला कळणार? म्हणून मुख्य नळीतून फुटणाऱ्या प्रत्येक फांदीला स्वतंत्र झडप बसवली आणि झडपांखाली उघडता येणारी झाकणे ठेवली. ती छतात दिसतात, चौकोनी, थोडी वेगळ्या पांढऱ्या रंगाची. पाहुणे विचारतात आणि मी उत्साहाने उघडून दाखवते.

बोर्ड चढण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कप्प्याकप्प्याचे फोटो घेतले, प्रत्येकात टेप धरून. बाबांनी त्यावरून एक नकाशा काढला. पायाच्या भिंतीपासून प्रत्येक नळीचे अंतर, झडपांच्या जागा, जोडलेली तुळई, उताराची नळी, सगळे त्यांच्या खात्यातल्या सवयीप्रमाणे, बारीक आणि सुवाच्य अक्षरात. नकाशा मराठीत होता. तो फर्नेसच्या खोलीच्या दाराला आतून लावायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "हे घर पुढे कोणाचं असेल कोण जाणे. त्या माणसाला वाचता आलं पाहिजे," असे म्हणून ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि मी शेजारी बसून एकेक नोंद इंग्रजीत करून देऊ लागले. जुन्या खाचेपाशी त्यांनी बाण काढून तिचे माप लिहायला लावले, चीर किती लांब होती ते लिहायला लावले, आणि ती कशासाठी मारली होती ते आम्हाला कळले नाही, हेही.